खुर्चीत बसून रिसेट

सिक्स्टनचा पाय सालपट्ट्यात गेला तेव्हा मार्च चालू होता आणि कारखान्यात विजेची नवी पॅनेलं बसवून एक हिवाळाही पुरता झाला नव्हता. आमच्या गावात, हेल्विकमध्ये, लोक अजून त्याबद्दल बोलतात. काहींच्या मते सगळा दोष नव्या यंत्रणेचा, काहींच्या मते सिक्स्टनचा. मी सोल्वेग, कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. त्या पॅनेलांच्या तारा मी जोडल्या आहेत आणि त्या दिवशी सिक्स्टनच्या पोटरीवर कमरपट्टा आवळून रक्त थांबवणारीही मीच होते. तेव्हा जसं झालं तसं सांगते.

आमचा कारखाना लाकडाचा लगदा करतो. ट्रकमधून ओंडके येतात, एका अवाढव्य फिरत्या पिंपात त्यांची साल निघते आणि ती साल सालपट्ट्यावरून बॉयलरकडे जाळायला जाते. नावाला पट्टा, खरं तर ती लोखंडी साखळी आहे, तिला आडव्या फळ्या लावलेल्या, आणि त्या फळ्या खालच्या पन्हळीतून साल ओढत नेतात. थंडीत साल गोठते, तिचे डोक्याएवढे गोळे होतात आणि पट्टा अडकतो. अडकला की मोटर जोर करते, तापते, आणि ती जळू नये म्हणून तिचा रिले तिला बंद करतो. मोटर ट्रिप झाली, असं आम्ही म्हणतो.

या पट्ट्याचा राखणदार सिक्स्टन. धिप्पाड गडी, वरच्या ओठाखाली कायम तंबाखूची पुडी, लग्न केलेलं नाही. त्याची धाकटी बहीण गुनवोर कंट्रोल रूममध्ये पडद्यांसमोर बसायची. आईबापांमागे बेटावरचं लाकडी घर दोघांच्या वाट्याला आलेलं, आणि आधी त्या घराचं छप्पर नीट करायचं, असं सिक्स्टनचं म्हणणं, की होडी लावायचा धक्का, असं गुनवोरचं, यावरून दोघांचं वायरलेसवर भांडण चालायचं. सगळा कारखाना ऐकायचा.

जुनी पॅनेल रूम म्हणजे लोखंडी कपाटांच्या रांगा. प्रत्येक मोटरला एक खण. त्या खणात एक स्विच, मोटर चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड झाला की ट्रिप करणारा रिले. प्रत्येक खणातून तारांचा जुडगा निघून कंट्रोल रूमपर्यंत जायचा, आणि एवढ्या तारा मिळून सांगायच्या काय, तर मोटर चालू आहे, बंद आहे, किंवा बिघडली आहे. बिघडली की लाल दिवा. का बिघडली, ते तुम्ही शोधा.

मग गुनवोर आम्हाला फोन करायची. मी हत्यारांची पिशवी उचलून आधी यंत्रापाशी जायची, कारण बिघाड बहुतेक वेळा तिथेच सापडायचा. सालपट्टा असेल तर सिक्स्टन पन्हळीत उतरून लोखंडी आकड्याने गोळे फोडत असायचा. मी कठड्याला टेकून उभी राहायची.

"झालं का रे?"

"घाई असेल तर तू उतर."

"मी इलेक्ट्रिशियन आहे."

"म्हणूनच वर उभी आहेस."

तो वर आला की मी पॅनेल रूमकडे चालत जायची आणि त्या खणाच्या दारावरचं बटण दाबायची. रिले रिसेट झाला की पट्टा पुन्हा सुरू. यात अर्धी सकाळ गेली तरी कुणाला नवल नव्हतं. कधीकधी चालू लाइनवर कपाट उघडून मोजमाप करावं लागायचं. एकदा असंच उघडं कपाट भडकून माझ्या एका सोबत्याच्या भुवया गेल्या. नशीब चांगलं, भुवयांवरच निभावलं. त्या जुन्या खोलीवर माझं प्रेम होतं असं काही मी म्हणणार नाही.

नव्या पॅनेलांत प्रत्येक खणात ओंजळीत मावेल एवढा इलेक्ट्रॉनिक रिले आहे, आणि हे सगळे रिले एकाच केबलने एकमेकांशी आणि कंट्रोल रूमशी जोडलेले. तारांचे जुडगे गेले. गुनवोरला खुर्चीत बसून प्रत्येक मोटरचा करंट दिसू लागला, ती किती तापली, किती वेळा सुरू झाली, ते दिसू लागलं. ट्रिप झाली तर का झाली तेही लिहून यायचं. अडकली, एक फेज गेला, केबलमध्ये पाणी शिरलं. पहिल्याच महिन्यात एका थंड पाण्याच्या पंपाची मोटर रोज जराजरा जास्त करंट ओढते आहे असं पडद्यावर दिसलं. आम्ही सवडीने, दिवसाउजेडी पंप उघडला तर बेअरिंग भुगा व्हायच्या बेतात. जुन्या जमान्यात तो पंप ऐन रविवारी बसला असता आणि त्याच्यासोबत सगळा कारखाना. मी तर लट्टू झाले होते.

आणि नवी यंत्रणा खुर्चीतून रिसेटही करू द्यायची.

सुरुवातीला आमच्या विजेच्या विभागाचा प्रमुख बिर्येर याने बैठक घेतली होती. हिरव्या मार्झिपानचा केक आणला होता. प्रत्येक मोटरसाठी विचारायचं होतं, रिसेट कुठून? यंत्रापाशी, पॅनेलवर, की कंट्रोल रूममधून? आम्ही केक खात खात सगळ्यांपुढे कंट्रोल रूम लिहून मोकळे झालो. त्यासाठीच तर एवढा खर्च केला होता. बैठकीला सिक्स्टनच्या लाकूड विभागाचं कुणीच नव्हतं. कुणाला बोलवायचं सुचलंही नाही.

नियम कारखान्यात पूर्वीपासून होता. यंत्रात हात घालण्याआधी त्याच्या शेजारचा स्विच बंद करायचा आणि त्याला स्वतःचं कुलूप लावायचं. प्रत्येकाला आपलं कुलूप मिळालेलं. सिक्स्टनचं कमरेला लटकलेलं असायचं आणि ठरवून केलेल्या दुरुस्तीला तो ते न चुकता लावायचा. पण ट्रिप झालेला पट्टा म्हणजे त्याच्या लेखी मेलेला पट्टा. मी येऊन बघितल्याशिवाय तो हलणार नाही हे त्याच्या डोक्यात वर्षानुवर्षं पक्कं बसलेलं होतं. स्विच होता पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, बर्फाळ जिना चढून. मेलेल्याला कुलूप कशाला?

त्या सकाळी पट्टा दोनदा अडकला होता. दोन्ही वेळा गुनवोरने खुर्चीतूनच रिसेट केलं, आणि त्या धक्क्याने गोळा फुटून पुढे गेला. आम्हाला फोन नाही, सिक्स्टनला हाक नाही. तशी गरजच पडली नाही. तो तेव्हा ट्रक उतरवत होता. तिसऱ्या वेळी पट्टा थांबलेला त्याने स्वतःच पाहिला. आता सोल्वेग येईल पिशवी घेऊन, असं म्हणून त्याने आकडा उचलला आणि तो खाली उतरला. वायरलेस ओंडके उतरवायच्या गाडीत, लोडरच्या केबिनमध्ये राहिला.

गुनवोरच्या पडद्यावर आलं होतं, 'सालपट्टा अडकला. रिसेट उपलब्ध.'

तिने हाक मारली. "सिक्स्टन, पट्टा थांबलाय. कुठे आहेस तू?" उत्तर नाही. पुन्हा मारली. पिंपाखाली सालीचा ढीग वाढत होता, बॉयलरचा माणूस दुसऱ्या फोनवर बोंबलत होता. सकाळी दोनदा जे केलं होतं तेच तिने तिसऱ्यांदा केलं.

सुरू होण्याआधी भोंगा वाजला. पण तिथे दिवसभर कुठला ना कुठला भोंगा वाजतच असतो, सिक्स्टनच्या कानांवर आवाज अडवणारे मोठे कप होते आणि शेजारी पिंप गडगडत होतं. साखळीच्या फळीने त्याचा डावा बूट पकडला. पन्हळीच्या बाजूने आणीबाणीची दोरी बांधलेली असते. ती ओढली की सगळं थांबतं. सिक्स्टनने दोन्ही हातांनी ती ओढली.

गुनवोरच्या पडद्यावर तेही आलं. दोरी आपोआप ओढली जात नाही. दोरीच्या टोकाला माणूस असतो.

मी त्या वेळी शेजारच्याच इमारतीत होते. ओरडणं ऐकून धावले आणि समोरून गुनवोर येताना दिसली. अंगात कोट नाही, पायात कंट्रोल रूमच्या सपाता, बर्फातून पळत. तिला काहीच विचारावं लागलं नाही. मी आधी स्विच बंद करून माझं कुलूप लावलं आणि मग खाली उतरले. मी पोटरीवर माझा कमरपट्टा आवळत असताना सिक्स्टन शुद्धीवर होता, दात घट्ट आवळलेले.

"कुणी सुरू केला?" त्याने विचारलं.

मी कमरपट्टा आणखी एक भोक ओढला. वर कठड्यापाशी गुनवोर उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या सपातांकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

डॉक्टरांना पाऊल पूर्ण वाचवता आलं नाही. बोटं आणि पुढचा भाग गेला, टाच राहिली.

मी आमच्या विभागाची सुरक्षा प्रतिनिधी आहे. जिवाला धोका दिसला तर काम थांबवायचा हक्क कायद्याने मला आहे. तोवर मी तो कधी वापरला नव्हता. त्या दिवशी वापरला. कंट्रोल रूममधून रिसेट बंद, सगळ्या कारखान्यात, सगळ्या मोटरींचं. बिर्येर माझ्या टेबलापाशी आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडलेला होता. अपघाताने तोही हलला होता, पण तरी वाद घालायचा राहिला नाही.

"सगळ्यांचं कशाला? पट्ट्याचं कर."

"कुठल्या यंत्रात माणूस उतरतो ते तुला माहीत आहे?"

"नियमाप्रमाणे कुलूप लावल्याशिवाय कुणीच उतरत नाही."

"सिक्स्टन उतरला."

"त्याने नियम मोडला, सोल्वेग."

"मोडला. आणि आजवर तो मोडून त्याला काही झालं नव्हतं, कारण मधे आपण होतो. आपल्याला चालत जावं लागायचं. आता आपण मधून निघालो, आणि ते त्याला कुणी सांगितलं नाही."

तो खुर्चीत बसला. "म्हणजे पुन्हा पिशवी घेऊन पळापळ. मग नवं घेतलं कशाला?"

"पंपाचं बेअरिंग वाचलं ना, त्यासाठी. मला नवं नकोय असं नाही बिर्येर. कुठे काय चालेल ते आधी ठरवू दे."

गुनवोर कामावर येत नव्हती. इस्पितळातही गेली नव्हती. तिकडे सिक्स्टन विचारत होता आणि इकडे ती फोन उचलत नव्हती. शेवटी मी तिच्या दारात गाडी उभी केली आणि भोंगा वाजवत राहिले, शेजारचे खिडकीत येईपर्यंत. ती बाहेर आली.

"आवाज कशाला करतेस? गाव गोळा होईल."

"होऊ दे. बस गाडीत."

सगळा रस्ता ती बाहेर बघत होती. खोलीत शिरलो तेव्हा सिक्स्टन उशीला टेकून बसला होता.

"आली शेवटी," तो म्हणाला. "मला वाटलं, वाट्याला पूर्ण घर यावं म्हणून मी मरायची वाट बघतेस."

गुनवोर दाराशीच थांबली. "मी बटण दाबलं, सिक्स्टन."

"ठाऊक आहे. मी कुलूप लावलं नाही."

"मी हाक मारली होती. दोनदा."

"वायरलेस लोडरमध्ये होता."

"उत्तर आलं नाही तर दाबायचं नसतं. एवढं कळायला हवं होतं मला."

"आणि मला सकाळपासून दोनदा पट्टा अडकला हे कळायला हवं होतं. मला वाटलं, तो पहिल्यांदाच थांबलाय. तुला तिथे बसून सगळं दिसतं गुनवोर. मला तिथे उभं राहून काही दिसत नाही. सांगायचं ना मला."

ती रडायला लागली. तो तिला समजवायला गेला नाही, तो तसा नाहीच. त्याने टेबलावरचा दालचिनीचा बन तिच्याकडे सरकवला.

"खा. इथली कॉफी मात्र पिऊ नकोस."

परत येताना गुनवोर म्हणाली, "त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." मी गाडी चालवत होते.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा मी आणि बिर्येरने सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. या वेळी लाकूड विभाग, बॉयलर, सफाईचे लोक, सगळे. गुरुवार होता, म्हणजे रिवाजाप्रमाणे वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. सिक्स्टन कुबड्या घेऊन आला आणि टेबलाच्या टोकाला बसला. गुनवोर भिंतीपाशी उभी होती, जवळ नाही आणि लांबही नाही.

बिर्येर म्हणाला, "मला एवढंच हवंय. ट्रिप झालेल्या कुठल्या यंत्रात तुम्ही कुलूप न लावता हात घालता? कुणाला शिक्षा होणार नाही."

चमच्यांचे आवाज थांबले. नियम सगळ्यांना पाठ होता आणि प्रमुख समोर बसलेला. मला वाटलं, आता सगळे म्हणणार, आम्ही? छे. आणि आम्ही होतो तिथेच राहणार.

सिक्स्टनने सुपाची वाटी बाजूला केली. "मी घालत होतो. सालपट्ट्यात. कामाला लागलो तेव्हापासून." मग तो बॉयलरच्या माणसाकडे वळला. "तू राख बाहेर ढकलणाऱ्या स्क्रूत हात घालतोस. मी पाहिलंय."

"तू माझं नाव कशाला घेतोस?" बॉयलरवाला चिडला.

"कारण तुला दोन्ही हात आहेत अजून."

कुणीतरी हसलं. बॉयलरवाला लाल झाला आणि म्हणाला, "हो, घालतो. स्विच त्या मजल्यावर नाहीच, वर आहे." मग लाकडाच्या चिपा चाळणाऱ्या चाळणीचा माणूस बोलला. मग सफाईची बाई म्हणाली की गाळाच्या पट्ट्याखाली ती झाडू घालते, तो थांबलेला दिसला की. सूप गार होईपर्यंत लोक बोलत होते. बिर्येर ऐकत होता आणि मधेमधे हातांनी तोंड झाकत होता.

त्यानंतर आम्ही मोटरींची विभागणी केली. पंप, पंखे, जिथे माणसाला जायचं कारण नाही आणि वाटही नाही, तिथे रिसेट खुर्चीतून. पट्टे, स्क्रू, चाळण्या, पिंप, इथे रिसेट यंत्रापाशीच, किल्लीने, आणि किल्ली फिरवणाऱ्याने आधी आत बघायचं. दूर असलेले स्विच जवळ आणले. सालपट्ट्यापाशी एक छोटा पडदा लावला. गुनवोरला खुर्चीत जे दिसतं त्यातलं कामाचं तेवढं तिथल्या माणसालाही दिसतं, आज किती वेळा अडकला, कधी, का. नेटवर्क होतंच, ते फक्त एकाच दिशेला बोलत होतं. हे सगळं झालं तेव्हा मी माझी बंदी उठवली. कुलपाचा नियम आहे तसा आहे, आता तो जास्त पाळला जातो. नेहमीच पाळला जातो असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

गुनवोर उन्हाळाभर प्रयोगशाळेत लगद्याचे नमुने तपासत होती. तिला खुर्ची नको होती. सप्टेंबरमध्ये परत आली, कुणी आग्रह केला नाही तरी. आता पंपाचं रिसेट करायचं असलं तरी ती आधी वायरलेसवर विचारते आणि माणसाचा आवाज आल्याशिवाय बोट हलवत नाही. नव्या लोकांना याचा कंटाळा येतो. ती म्हणते, येऊ दे.

सिक्स्टनला ट्रकच्या वजनकाट्यावर काम दिलं. तिथे जायच्या आदल्या दिवशी तो पॅनेल रूममध्ये आला. इतकी वर्षं कारखान्यात काढून ती खोली त्याने कधी पाहिली नव्हती. काठी टेकत रांगेतून चालला.

"माझा पट्टा कुठला?"

मी खण दाखवला, बंद करून बाहेर ओढला आणि रिले त्याच्यापुढे धरला.

"एवढुसा?" तो वाकून बघत राहिला. "मी खाली आहे हे याला कळलं होतं?"

"नाही. मोटरचा करंट कळतो याला. माणूस नाही कळत."

"आणि जुन्याला?"

"जुन्याला करंटसुद्धा धड कळायचा नाही. म्हणून तर आम्ही चालत यायचो."

त्याने मान हलवली. रिले परत बसवून मी खण आत ढकलला, तो क्लिक करून बसला आणि दारावर हिरवा दिवा लागला. सिक्स्टन म्हणाला, काट्यावर खोली गरम आहे म्हणतात, खिडकीही आहे, फक्त ट्रकवाले बोलून डोकं खातात. मग त्याने विचारलं, शनिवारी बेटावर येतेस का, गुनवोर आणि तो धक्का बांधायला घेणार आहेत आणि फळी धरायला माणूस हवा आहे.

"तुला तर छप्पर आधी हवं होतं ना?" मी विचारलं.

"ती जिंकली," तो म्हणाला आणि काठी टेकत निघाला.